पाच देशांचे काजू

वाचकहो, ज्या मनुष्याच्या बोटांखालून आजवर कोट्यवधी काजू सरकले, परंतु ज्याचे नाव एकाही पाकिटावर कधी छापले गेले नाही, अशा एका कामगाराच्या आयुष्यातील पाच दिवसांची हकिकत मी येथे क्रमाने निवेदन करणार आहे. हिच्यात लढाई नाही, खून नाही, गुप्तधन नाही. एक बाप आहे, एक मुलगी आहे आणि एक नात आहे. ज्यांचे एवढ्यावर भागेल, त्यांनी माझ्याबरोबर पुढे यावे.

"भाऊजी, हा केक आहे की वीट?" शेजारच्या शिलाईवाल्या वहिनींनी तोंडातला घास एका गालातून दुसऱ्या गालात सरकवीत विचारले.

"बटाटा आणि काजूचा केक आहे. मोझांबिकचा."

"तिकडच्या लोकांचे दात चांगले दिसतात."

"चिठ्ठीत लिहिलंय तसंच केलंय. उकडलेला बटाटा, काजूचं पीठ, अंडी, साखर, लोणी."

"आणि भट्टीत किती वेळ ठेवायचा, ते लिहिलंय का?"

त्याने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. ते लिहिलेले नव्हते. वहिनी हसल्या. मग त्यांनी भिडेखातर म्हणा किंवा भुकेखातर म्हणा, दुसरा तुकडा उचलला.

काजूच्या कारखान्यात त्याला सर्व जण पारखी म्हणत. एकतीस वर्षे तो प्रतवारीच्या टेबलापाशी बसत होता. एका पौंडात दोनशे चाळीस बसतात तो दाणा मोठा आणि तीनशे वीस बसतात तो लहान, हा भेद इतरांना तराजूवर कळे. पारखीला तो डोळे मिटून, चिमटीत कळे. अख्खा दाणा एका पाटीत, फुटलेली पाकळी दुसरीत, तुकडा तिसरीत आणि अगदी बारीक ती कणी चौथीत. नवे कामगार त्याची परीक्षा घेऊ पाहत आणि तोंडघशी पडत.

परंतु हाताला एवढे यश असलेल्या या मनुष्याच्या घराला मात्र अवकळा होती. पत्नी निवर्तल्याला बारा वर्षे झाली होती. पुढच्याच वर्षी एकुलती एक मुलगी एका मोठ्या हॉटेलच्या कपडेधुलाई खात्यात नोकरी धरून परदेशी गेली, तिथेच तिने लग्न केले, तिथेच तिला मुलगी झाली. मागे उरल्या दोन खोल्या. कामावरून परतल्यावर पारखी दाराशी चपला मुद्दाम आपटून काढी. घरात कोणीतरी आले, असा आवाज तेवढाच होई.

मुलगी दर बुधवारी फोन करी. परंतु बोलायचे काय? बापाला हॉटेल ठाऊक नाही, मुलीला कारखान्यातल्या नव्या माणसांची नावे ठाऊक नाहीत. पत्नी असताना घरातले बोलणे तीच बोलत असे. बापलेक आपले दोन्ही बाजूंनी ऐकत असत. तेव्हा पहिल्याच फोनवर, काही सुचेना म्हणून, पारखीने विचारले होते, "तिकडे काजूचं काय करतात गं?" मुलीने चौकशी करून पुढच्या बुधवारी सांगितले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसा तो प्रश्न दोघांनी घट्ट धरून ठेवला. तिचे हॉटेल बदलले, देशही एकदा बदलला. मग तिच्या हॉटेलात ब्राझीलचा एक आचारी आला, तो जगभर फिरलेला होता, आणि त्याच्याकडून ती दर आठवड्याला काही ना काही नवे आणू लागली.

पारखी ते सारे प्रतवारीच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर उतरवून घेई आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टोचून ठेवी. थायलंडमध्ये कोंबडीचे तुकडे, वाळलेल्या लाल मिरच्या आणि भाजके काजू मोठ्या जाळावर परततात. ब्राझीलच्या एका भागात काजूचे कोवळे, ओले गर अंड्यांत शिजवतात. जावा बेटावर काजूच्या झाडाची कोवळी पानेच भाताबरोबर कच्ची खातात. युरोपातील एका देशात जे लोक दूध वर्ज्य करतात, ते काजू भिजवून, वाटून, आंबवून त्याचे चीज करतात. मोझांबिकचा केक तर वर आलाच.

आता अकरा वर्षांनी मुलगी येत होती. नवऱ्याच्या कामानिमित्त ती चार दिवस शहरातल्या हॉटेलात उतरणार होती आणि रविवारी, सहा वर्षांच्या नातीला घेऊन, बापाच्या घरी जेवायला येणार होती. नातीला पारखीने केवळ छायाचित्रात पाहिले होते. त्याने मनाशी पक्के ठरविले होते, की पाच देशांचे पाच पदार्थ करायचे, नातीला मांडीवर घ्यायचे आणि प्रत्येकातला पहिला घास आपल्या हाताने भरवायचा. याहून अधिक काही त्याला या जगाकडून नको होते.

"पानांचं काय करणार?" वहिनींनी विचारले.

"कारखान्याच्या मागं झाड आहे. मुकादमाला विचारून ठेवलंय."

"पोरगी पानं खाईल होय? शेळी आहे का ती?"

"एक पान तर खाईल. आजोबाच्या हातचं म्हणून."

तेवढ्यात बुधवारचा फोन वाजला. वहिनी समजूतदार, तिसरा तुकडा पदराआड घेऊन त्या आपल्या खोलीकडे गेल्या.

"बाबा, पोचलो आम्ही," मुलगी म्हणाली. "सगळे ठीक आहोत."

"छान झालं. ऐक, तिला तिखट चालत नसेल तर कोंबडीत मिरच्या घालत नाही मी. थायलंडवाले काही बघायला येत नाहीत."

"बाबा, एक सांगायचं राहिलंय."

"सांग की."

"तिला काजू चालत नाही."

"लहान मुलं म्हणतातच गं तसं. तू पण भोपळा बघून रडायचीस. एकदा माझ्या हातचं खाऊन..."

"आवडत नाही असं नाही, बाबा. चालत नाही. दोन वर्षांची होती, शेजारणीनं बिस्कीट दिलं. त्यात काजू होता. ओठ सुजले, श्वास अडकला. दोन दिवस दवाखान्यात होती. डॉक्टर म्हणाले, एक कण पोटात गेला तरी पुरे. भांड्याचा, हाताचा, कशाचाही." ती थांबली. "तेव्हापासून माझ्या घरात काजू आलेला नाही."

पारखीने हिशेब न करताच विचारले, "म्हणजे चार वर्षं?"

"हो."

"आणि तो ब्राझीलचा आचारी?"

पलीकडे, मागे एक लहान मूल काहीतरी गुणगुणत होते, ते तेवढे ऐकू येत होते.

"तो नाहीये, बाबा. कधीच नव्हता. मी वाचून सांगायचे. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत शोधून ठेवायचे."

"अगं, पण कशासाठी?"

"तुम्ही विचारायचात ना. काजू बंद केला असता, तर आपण बोललो काय असतो?"

ज्या प्रश्नाला आपण आधार समजत होतो, तो पलीकडून एका दमलेल्या बाईने चार वर्षे उचलून धरला होता, हे त्याला त्या क्षणी कळले. आणि ते कळूनही तो बोलला ते निराळेच.

"रविवारी या. मी घर धुवून काढतो."

"बाबा, बाहेर भेटू. हॉटेलजवळ बाग आहे."

"नात आजोबाच्या घरी यायची नाही, तर कुठं जायची? तीन दिवस आहेत माझ्याकडं."

"पण एखादी कणी जरी राहिली..."

"कणी वेगळी करण्यात जन्म गेलाय माझा, पोरी. कणीचं मला सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुकादमापुढे उभा राहिला. मुकादम माणूस वाईट नव्हता, फक्त त्याची जीभ हाताच्या आधी चाले.

"रजा? तुला? कोण गेलं?"

"कोणी नाही. नात येतेय."

"मग तोंड असं एरंडेल प्यायल्यासारखं का?"

"घर धुवायचंय. तीन दिवस लागतील."

"दोन खोल्यांना तीन दिवस? त्या खोल्या आहेत का धर्मशाळा?"

पारखीने सर्व सांगितले. मुकादम ऐकत गेला तसतसा त्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्याने रजेचा अर्ज स्वतःच भरला आणि म्हणाला, "आपल्या मालानं असं होतं लोकांना? मला वाटायचं, आपण चांगलं काहीतरी विकतो."

त्या गुरुवारी पारखीने घराला हात घातला. काजूच्या कणीचा डबा, पिठाचा डबा, मिक्सर, केकचे पातेले, सर्व गाठोड्यात बांधून, कारण सांगून, त्याने वहिनींच्या स्वाधीन केले. कपाटातले कागद काढले. फळ्या साबणाने घासल्या. खिळ्यावरच्या सर्व चिठ्ठ्याही, काजूच्या हातांनी लिहिलेल्या म्हणून, त्याच गाठोड्यात गेल्या.

परंतु येथे एक अडचण उभी राहिली, जी दुसऱ्या कोणत्याही गृहस्थाला आली नसती. जिथे काजूचा वास येतो, तिथे काजूची पूड उरली आहे, हे तर उघड होते. पण काजूच्या कारखान्यात ज्याने दहा वर्षे काढली, त्याच्या नाकाला तो वास मुळी लागतच नाही. मासोळीला पाणी ओले वाटत नाही, तशातला हा प्रकार. एकतीस वर्षांच्या पारखीला आपले घर स्वच्छ झाले की नाही, हे कळण्यास काहीही साधन नव्हते. जो डोळे मिटून दाणा ओळखी, तो आपल्याच घरात आंधळा ठरला.

"वहिनी, जरा नाकाचं काम आहे," तो दारात उभा राहून म्हणाला.

"माझं नाक सासूच्या तालमीत तयार झालंय," वहिनी मशीनवरून उठत म्हणाल्या. "दूध उतू जायच्या आधी मला कळायचं, आणि सासू यायच्या आधीसुद्धा."

त्यांनी खोलीभर फिरून हुंगले. "कपाट. आतून येतोय, भाजल्यासारखा गोडसर."

पारखीने कपाट बाहेर काढून, पाणी ओतून, उन्हात उलटे ठेवले.

शुक्रवारी वहिनी पुन्हा आल्या. "कपाट गेलं. आता पडदा. आणि ही गादी. भाऊजी, गादीवर बसून काजू खाता काय?"

"कामाचे कपडे काढून ठेवतो तिच्यावर."

"एकतीस वर्षं?"

"गादी चौदा वर्षांचीच आहे."

वहिनींनी कपाळाला हात लावला. पडदे गेले, गादी गेली, कामाचे कपडे तर आधीच गेले होते. त्या रात्री तो चटईवर निजला. शनिवारी पहाटे त्याने भिंती खरवडल्या आणि दुपारपर्यंत एकट्याने चुना दिला. शिडी नव्हती म्हणून खुर्चीवर स्टूल ठेवून चढला. वय एकोणसाठ. खाली धरायला कोणी नव्हते, आणि त्याला त्याची आठवणही झाली नाही. कारण उंचावर हात चालवताना तो मनाशी नातीला आजीची गोष्ट सांगत होता आणि मध्येच थांबून तिच्या प्रश्नांना उत्तरेही देत होता.

संध्याकाळी उघड्या, पांढऱ्या, ओल्या खोलीत वहिनी उभ्या राहिल्या. त्यांनी दीर्घ श्वास घेतला. मग पारखीकडे पाहिले. त्याच्या पापण्यांवर चुना होता.

"गेला," त्या म्हणाल्या. "आता नाही येत."

पारखीने एकतीस वर्षे एकच विद्या केली होती. वरून शुभ्र दिसणारा दाणा आतून किडका आहे, हे त्याला हातात घेताच कळे. वहिनींचे ते वाक्य त्याला तसे लागले.

"वहिनी," तो म्हणाला, "पोर सहा वर्षांची आहे."

वहिनींनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

"भिंतीतून येत नाही, भाऊजी. खोटं नाही बोलत. कपाटातून नाही, फरशीतून नाही." त्यांचा आवाज खाली गेला. "तुमच्यातून येतोय."

"मी तीनदा आंघोळ केलीय आज."

"माहितीय. पाणी ऐकलं मी."

पारखीने आपले हात वर करून पाहिले. बोटांच्या पेरांवर, नखांच्या कडांना, एकतीस वर्षांत बसलेला तो पिवळसर रंग होता, जो त्याने कित्येक वर्षांत पाहिलाच नव्हता. हे हात घासून निघतील असा साबण कोणत्या दुकानात मिळतो?

"पण म्हणून काय झालं," वहिनी घाईने म्हणाल्या, "डॉक्टर खायचं म्हणाले ना? वासानं थोडंच..."

"घास भरवायचा म्हणत होतो मी," पारखी म्हणाला. "याच हातांनी."

त्याने फोन उचलला आणि मुलीला कळविले, की चुन्याचा वास फार झाला आहे, भिंती ओल्या आहेत, पोरीला सर्दी व्हायची. तेव्हा बागेतच भेटू. मुलगी म्हणाली, "बरं, बाबा." तिने चुन्याबद्दल काही विचारले नाही.

रविवारी सकाळी तो सार्वजनिक स्नानगृहात गेला. वाटेत दुकानातून शर्ट घेतला आणि दुकानातच अंगात चढविला, म्हणजे त्याला घराची हवा लागू नये. शर्टाच्या घड्या छातीवर उभ्याआडव्या उमटलेल्या होत्या. बागेत तो ठरल्या वेळेच्या एक तास आधी पोहोचला. त्याने नळावर हात धुतले. बाकावर बसला, पुन्हा उठला, पुन्हा धुतले.

त्या दोघी आल्या. मुलगी जाड झाली होती, आणि डोळ्यांखाली तिच्या आईसारखीच सावली आली होती. ती जवळ आली, तसा पारखी एक पाऊल मागे सरला.

"असू दे, असू दे," तो म्हणाला. "लांबूनच बरं. बस तू. ऊन लागतंय का?"

"नाही, बाबा."

ते समोरासमोरच्या दोन बाकांवर बसले. मधून फरशीची वाट जात होती. नात आईच्या कुशीतून त्याला न्याहाळत होती. तिच्या गालावर खळी होती. छायाचित्रात ती कधी आली नव्हती.

"आजोबा, तुम्हाला डोळे मिटून काजू ओळखता येतो?"

"येतो."

"मला डोळे मिटून फक्त आई ओळखता येते. वासावरून." मग तिने विचार करून विचारले, "तुमचा वास कसा आहे?"

"मला ठाऊक नाही, बाळ. मला येत नाही तो."

मुलीने मान खाली घातली. नातीला मात्र हे उत्तर फार गमतीचे वाटले. "स्वतःचा वास येत नाही! आई, आजोबांना स्वतःचा वास येत नाही!" ती खिदळली, आणि पारखीही हसला, कारण ती हसत होती.

मग पोर कंटाळली. आईच्या पिशवीतून तिने लाकडी मुठींची लांब दोरी काढली.

"घरी आम्ही दुसरं टोक दाराला बांधतो," ती म्हणाली. "पण दार नीट फिरवत नाही."

"दाराला काय कळतंय," पारखी म्हणाला.

नातीने त्याच्याकडे पाहिले, मग आईकडे. मुलीने एक मूठ बापापुढे धरली. "धरा, बाबा," ती म्हणाली. "चालेल."

"थांब." तो नळाशी गेला आणि कोपरापर्यंत हात धुवून आला. नवा शर्ट ओला झाला.

एक मूठ मुलीच्या हाती, एक बापाच्या. मधे दोरीच्या लांबीएवढे अंतर, आणि त्या अंतरात ती पोर. पहिल्यांदा दोरी तिच्या पायात अडकली. दुसऱ्यांदाही. मग पारखीला तिची उडी कळली. मनगटाने किती वर, किती सावकाश, हे त्याने डोळे किंचित मिटून हेरले आणि दोरी अशी फिरू लागली, की तिचा आवाज फरशीवर एका लयीत पडू लागला.

"एकवीस! बावीस! आई, तू पटापट नको, आजोबांसारखं फिरव!"

"ते जमायला एकतीस वर्षं लागतात," मुलगी म्हणाली. अकरा वर्षांत तिने बापाची केलेली ही पहिली थट्टा होती.

त्र्याऐंशीवर पोर दमून खाली बसली. पारखीचा खांदा केव्हाच भरून आला होता. त्याने हात मधेच बदलला नव्हता, की थांबला नव्हता.

निघायची वेळ झाली. नात दोरी गुंडाळू लागली. मुलीने ती तिच्या हातातून हळूच काढून घेतली आणि पिशवीतून एक ओला कागदी रुमाल बाहेर काढला. मग तिने एकदा बापाकडे पाहिले.

पारखीने पाठ फिरविली आणि बागेच्या दारावरची पाटी तो वाचू लागला. फुले तोडू नयेत. गवतावर चालू नये. सूर्यास्तानंतर फाटक बंद होईल. एवढ्या तीनच ओळी होत्या. मागे लाकडी मुठीवरून रुमाल पुन्हा पुन्हा फिरत असल्याचा बारीक आवाज येत होता. तो थांबेपर्यंत पारखीने त्या तीन ओळी, अक्षर न् अक्षर लावीत, सावकाश वाचल्या. आणि आवाज थांबल्यावरही आणखी एकदा वाचल्या.

ज्या वाचकांनी आपला अमूल्य वेळ खर्चून या साध्या मनुष्याला शेवटपर्यंत सोबत केली, त्यांच्या ऋणात मी आहे. लिहिण्यात काही उणे राहिले असल्यास ते माझ्या तोकड्या शिक्षणाचे समजावे, पारखीचे नव्हे.

आपला आभारी,
निवृत्ती केरबा साळोखे